वाण नाही, पण गुण

१९७९ सालची गोष्ट. मी नुकताच शिक्षक झालो होतो. कळंब तालुक्यातल्या एका खेड्यात दोन खोल्यांची शाळा होती आणि माझ्या तिसरीच्या वर्गात चाळीसेक मुले होती. त्यांतला एक मुलगा पारधी समाजाचा होता. गावाबाहेरच्या माळावर त्यांची दोन-तीन पाले पडलेली असत. हजेरीपटावर त्याचे नाव चढून चारच महिने झाले होते. एके दिवशी मधल्या सुट्टीनंतर एका सहकाऱ्याने टेबलावर ठेवलेले एचएमटीचे घड्याळ दिसेना. कोणी काही बोलण्याआधीच मी उठलो आणि त्या मुलाचे दप्तर उघडले. आत पाटी होती, मूठभर बोरे होती आणि तितर धरायचा दोरीचा एक लहानसा फास होता. "म्या न्हाई घेतलं गुरुजी," एवढेच तो म्हणाला.

घड्याळ कधीच सापडले नाही. मुलगाही दुसऱ्या दिवसापासून शाळेत आला नाही. आठवडाभरात माळावरची पालेही हलली.

पुढे मी हायस्कुलात गेलो, तिथे इतिहास शिकवला, निवृत्त झालो. निवृत्तीलाही आता बरीच वर्षे झाली. पण एक प्रश्न मनातून गेला नाही. वर्गात चाळीस दप्तरे होती. मी एकच का उघडले? त्या मुलाविरुद्ध माझ्याकडे कोणता पुरावा होता? तो कोणाच्या पोटी जन्मला हे मला माहीत होते, बस, एवढाच.

माणूस जन्मतःच ठरलेला असतो, की भोवतालची परिस्थिती त्याला घडवते, हा वाद फार जुना आहे. आपल्या भाषेने दोन्ही पक्षांना म्हणी देऊन ठेवल्या आहेत. 'खाण तशी माती' ही एका बाजूची. दुसऱ्या बाजूची म्हण आहे, 'ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला'. या दुसऱ्या म्हणीत शेतकऱ्याची बारीक नजर आहे. शेजारी बांधल्याने बैलाचा रंग बदलत नाही, पण शेजाऱ्याच्या खोडी मात्र तो उचलतो. वाण वेगळा आणि गुण वेगळा. गोठ्यात कळणारा हा फरक एका साम्राज्याच्या कायद्याने पुसून टाकला. त्याची किंमत आपल्या भागातल्या हजारो कुटुंबांनी कशी मोजली, ते आज सांगायचे आहे.

सुरुवात नळदुर्गपासून करू. बोरी नदीच्या बांधातला पाणीमहाल आणि पावसाळ्यात कोसळणारे नर-मादी धबधबे पाहायला आपण तिथे जातो. निजामाने १८५३च्या तहाने जो मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली दिला, त्यात वऱ्हाडाबरोबर आपला नळदुर्ग-धाराशिवचा भागही होता. तो १८६०मध्ये निजामाकडे परत गेला. मधल्या काळातली पहिली काही वर्षे या भागाचा कारभार फिलिप मेडोज टेलर नावाच्या अधिकाऱ्याने पाहिला. त्याचा मुक्काम नळदुर्गच्या किल्ल्यातच असे. तुळजापूरच्या परिसरात घडणारी 'तारा' ही कादंबरी त्याने पुढे १८६३मध्ये लिहिली. पण त्याचे नाव गाजले होते ते त्याच्याही बऱ्याच आधी, १८३९ साली आलेल्या 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' या कादंबरीने.

या कादंबरीचा नायक अमीर अली हा शेकडो वाटसरूंचे गळे आवळणारा ठग. पण तो ठगाच्या पोटी जन्मलेला नाही. त्याचे खरे आईबाप चांगल्या घरातले प्रवासी. ठगांनी वाटेत त्यांचा खून केला, आणि त्या टोळीतल्या इस्माईल नावाच्या ठगाने या पोराला आपला मुलगा म्हणून वाढवले. ज्या हातांनी त्याचे आईबाप मारले, त्याच हातांनी त्याला रुमाल टाकायला शिकवले. ठगांविषयीची बरीचशी माहिती माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांवर उभी आहे, त्यामुळे आजचे इतिहासकार ती सावधपणे वाचतात. तरीही टेलरने रंगवलेले चित्र पाहा. रक्त प्रवाशाचे, आणि धंदा ठगाचा. वाण नाही, पण गुण लागला.

ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या स्लीमनच्या काळात आणखी एक गोष्ट घडली. माफीचे साक्षीदार झालेले ठग आणि त्यांची मुले यांच्यासाठी जबलपूरला एक उद्योगशाळा निघाली. तिथे ही मंडळी सतरंज्या, गालिचे आणि तंबू बनवू लागली. ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या खुनावर जगल्या असे सरकार सांगत होते, त्यांचीच मुले मागावर बसून ताणा-बाणा भरत होती. याहून उघड पुरावा कोणता हवा होता? पण सरकारने त्याच्या बरोबर उलटा धडा घेतला.

१८३६च्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणे हाच जन्मठेपेचा गुन्हा ठरवला होता. त्यासाठी निदान टोळीत सामील तरी व्हावे लागे. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तीही अट उरली नाही. सरकारने एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली की तिच्यातल्या माणसांची नावे पोलिसांच्या नोंदवहीत चढत. त्यांनी ठरल्या वेळी हजेरी द्यायची, परवान्याशिवाय गाव सोडायचे नाही, आणि या निर्णयाविरुद्ध कोर्टात दादही मागायची नाही. यामागचा युक्तिवाद आपल्याच समाजव्यवस्थेकडे बोट दाखवून केलेला होता. हिंदुस्थानात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा मुलगा विणकर होतो, मग चोराचा मुलगा चोरच होणार! जातीने धंदे वाटून दिले होते. कायद्याने त्या वाटणीत गुन्ह्यालाही एक जात देऊन टाकली. आणि खरे सांगायचे तर ती आपल्यालाही पटली, कारण जन्मावरून माणूस ओळखायची सवय आपल्याला आधीपासूनच होती.

हा कायदा आधी उत्तरेत लागू झाला, आणि १९११च्या कायद्याने मुंबई इलाख्यातही त्याचा अंमल बसला. आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता, पण तिथेही अशा जमातींची नोंद आणि त्यांच्यावर पाळत ठेवण्याची व्यवस्था आलीच. शिवाय भटक्यांच्या वाटांना संस्थानाची हद्द कुठली? पारधी आज परंड्याच्या माळावर, तर उद्या बार्शीच्या शिवारात. एका बाजूला निजामाची चौकी आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजांची.

या कायद्याच्या पोटात एक गंमत दडलेली आहे. गंमत कसली, कबुलीच ती. १८९७च्या दुरुस्तीने सरकारला अशा जमातींची चार ते अठरा वर्षांची मुले आईबापांपासून काढून वेगळ्या सुधारगृहात ठेवण्याचा अधिकार दिला. आता विचार करा. गुन्हा रक्तात असेल, तर चार वर्षांचे पोर आईच्या कुशीतून काढून काय साधणार? रक्त तर त्याच्याबरोबरच जाणार. याचा अर्थ, गुन्हा शिकवला जातो हे सरकारलाही ठाऊक होते. म्हणजे पाळत ठेवायला 'रक्त' हे कारण आणि मुले हिरावून घ्यायला 'संगत' हे कारण. दोन्ही सिद्धान्त सोयीप्रमाणे वापरले, आणि दोन्हींचा फटका बसला तो एकाच माणसाला.

विज्ञानाचेही तेच झाले. 'निसर्ग की संगोपन' हा शब्दांचा जोड १८७४मध्ये रूढ केला तो इंग्लंडच्या फ्रान्सिस गाल्टनने, आणि त्याचा कल पक्का निसर्गाकडे, म्हणजे वंशाकडे होता. इटलीत लोम्ब्रोसोने १८७६मध्ये 'जन्मजात गुन्हेगार' कवटी आणि जबड्यावरून ओळखता येतो असे पुस्तक लिहिले. गाल्टनने बोटांच्या ठशांचा अभ्यास केला. ठशांवरून माणसाचा वंश कळेल अशी त्याला मोठी आशा होती. इंग्रज, वेल्श, ज्यू, बास्क, निग्रो अशा निरनिराळ्या लोकांचे ठसे त्याने ताडून पाहिले, आणि १८९२च्या ग्रंथात प्रामाणिकपणे लिहिले की अमुक वंशाचा म्हणून वेगळा ठसा सापडत नाही. बोटावर माणूस सापडतो, पण जमात सापडत नाही. १८९७मध्ये कलकत्त्याला ठसेविभाग सुरू झाला, आणि पुढे १९११च्या कायद्याने गुन्हेगार जमातींच्या माणसांचे ठसे घेण्याची सोय झाली. ज्या खुणेवरून जमात ओळखता येत नाही हे सिद्ध झाले होते, तीच खूण जमात पाहून घेतली जाऊ लागली.

मग या जमाती चोऱ्या करतच नव्हत्या का? काही जण करत होते. ते लपवून इतिहास होत नाही. पण त्याआधी ते काय करत होते, हे कोण विचारतो? लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरत. फौजांना रसद तेच पुरवत. सोलापूरवरून आगगाडी गेली, पुढे बार्शी लाइट रेल्वे येडशीवरून लातूरला पोचली, आणि बैलांच्या पाठी रिकाम्या झाल्या. टकारी म्हणजे जात्याला टाकी लावणारे. दळून दळून जाते गुळगुळीत झाले की घरोघरच्या बाया त्यांची वाट पाहत. पिठाची गिरणी आली आणि टाकीचा आवाज थांबला. फासेपारधी म्हणजे फासे लावून तितर-ससे धरणारे. त्यांचे कसब मोठे, तासन्‌तास दबा धरायचा, पावलांचे माग ओळखायचे, पाखराला पाखराच्या आवाजात साद घालायची. राजेरजवाड्यांनी त्याच कसबाला बक्षिसे दिली होती. रान घटत गेले, आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीची दारे बंद झाली. तो कायदा गरजेचा होता यात शंका नाही. पण बापाने जो धंदा म्हणून केला, तोच मुलाने केला तर गुन्हा झाला. दोघांचे रक्त तेच होते. बदलले ते राजपत्र.

आपल्या मातीतला याहून बोलका पुरावा म्हणजे लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या'. हे आत्मकथन १९८७मध्ये आले आणि १९८८चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. गायकवाड धनेगावचे. ते गाव आज लातूर जिल्ह्यात असले तरी १९८२मध्ये लातूर वेगळा होईपर्यंत आपल्याच जिल्ह्यात होते. त्यांचा समाज उचल्या, टकारी, पाथरूट अशा नावांनी ओळखला जातो. लहान मुलांना खिसे कापायला कसे शिकवत, पोलिसांच्या माराला पोर फुटू नये म्हणून त्याला घरातच मारून कसे तयार करत, हे त्यांनी काही न लपवता लिहिले आहे. मी ते पुस्तक पहिल्यांदा वाचले तेव्हा रात्रभर झोप आली नाही, कारण मला माझे उत्तर तिथे मिळाले होते. चोरी रक्तात असती तर तिची शाळा कशाला लागली असती? माशाच्या पिलाला पोहायला कोणी मारून शिकवत नाही. आणि त्याच घरातला एक मुलगा दुसऱ्या शाळेत, पाटी-पेन्सिलीच्या शाळेत गेला. पुढे त्याने चळवळ उभी केली आणि पुस्तक लिहिले.

आपल्याकडून सत्तर किलोमीटरवर सोलापूर. तिथले जुने लोक आजही 'सेटलमेंट' म्हणून एक भाग दाखवतात. मुंबई इलाख्यात स्टार्ट नावाच्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ज्या वसाहती चालल्या, त्यांतली ही एक. तारेच्या कुंपणाआड कुटुंबे ठेवली. माणसे गिरणीत कामाला जायची, हजेरी द्यायची आणि पुन्हा तारेआड यायची. गिरण्यांना कामगार मिळाले. 'जन्मजात गुन्हेगार' साचे चालवू लागले, त्यांची मुले शाळेत जाऊ लागली. जबलपूरला जे दिसले होते तेच इथेही दिसले, पण तार निघाली नाही.

याच काळात एक मराठी बाई हा प्रश्न थेट जर्मनीत जाऊन पाहत होती. इरावती कर्वे १९२८मध्ये बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाचे मोठे पुरस्कर्ते. पुढे नाझींच्या वंशवादाला त्यांच्याच विचारांचा आधार मिळाला. कवटीच्या दोन बाजूंतल्या कमी-जास्तपणाचा वंशाशी संबंध आहे, युरोपियनांची कवटी वेगळी आहे, अशी त्यांची कल्पना होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि मोजमापातून तसे काही निघत नाही असे प्रबंधात मांडले. परक्या देशात, ज्यांच्या हाती पदवी आहे त्या गुरूसमोर हे लिहायला धैर्य लागते. एक गोष्ट मात्र ध्यानात घ्या. मोजायला बसलेल्या सगळ्यांनाच आकडे दिसतात. आधी ठरवलेले उत्तर बाजूला ठेवून ते वाचणारे थोडे असतात.

आता आजचे शास्त्र काय म्हणते? शरीराचा आणि स्वभावाचा काही संबंध नाही, असे ते मुळीच म्हणत नाही. एका आईची दोन लेकरे पाळण्यातच वेगळी वागतात हे प्रत्येक आजीला माहीत आहे. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरूनही स्वभावाच्या घडणीत आनुवंशिकतेचा वाटा असल्याचे दिसते. पण व्यक्तीव्यक्तींतला फरक वेगळा आणि समाजासमाजांतला फरक वेगळा. रिचर्ड लेवॉन्टिन या जीवशास्त्रज्ञाने १९७०मध्ये बियांचा एक दाखला दिला होता. तो आपल्या शिवारात आणून पाहू. मालदांडीच्या एकाच पिशवीतले बी घ्या. अर्धे काळ्या भारी रानात पेरा, अर्धे मुरमाड माळावर. भारी रानातली ताटे एकमेकांहून थोडी उंच-बुटकी निघतील. हा फरक बऱ्याच अंशी बियाचा. पण भारी रानातली ज्वारी डोक्याइतकी आणि माळावरची कमरेइतकी, हा फरक कशाचा? बी तर एकाच पिशवीतले होते. माळावरचे पीक पाहून बियाला नावे ठेवणारा शेतकरी आपल्याकडे सापडणार नाही. माणसांच्या बाबतीत मात्र शंभर वर्षे आपण तेच केले. लेवॉन्टिननेच १९७२मध्ये दाखवले की माणसांमधल्या जनुकीय फरकाचा सुमारे ८५ टक्के भाग एकाच समूहातल्या व्यक्तींमध्ये असतो. समूहासमूहांत पडणारा फरक थोडा. आणि चोरी ही तर शरीराची गोष्टच नाही. चोरी कशाला म्हणायचे ते कायदा ठरवतो, गुणसूत्र नाही.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमाती कायदा देशभरातून रद्द झाला. म्हणून या जमातींना विमुक्त म्हणतात आणि तो दिवस मुक्तिदिन म्हणून पाळतात. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षे सोळा दिवसांनी! पुढे १९५९मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. कागदावर तो व्यक्तीपुरता होता, पण पोलिसांच्या आणि गावाच्या डोक्यातली जुनी वही कुठे जळाली होती? चोरी झाली की आधी पालांवर जायचे, ही रीत चालूच राहिली. ३ ऑक्टोबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातल्या जातिभेदाविषयी निकाल दिला. विमुक्त जमातींना जन्मतः गुन्हेगार समजणाऱ्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकानाच काढून टाकायला सांगितले. १८७१ ते २०२४. एक रकाना पुसायला दीडशेहून जास्त वर्षे लागली.

आपल्याच तुळजापूर तालुक्यात यमगरवाडी आहे. तिथल्या माळावर १९९०च्या दशकात पारधी आणि इतर भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी निवासी शाळा उभी राहिली. तिच्या उभारणीत ज्यांचा मोठा वाटा, त्या गिरीश प्रभुणे यांना २०२१चा पद्मश्री जाहीर झाला. माळ तोच, मुले त्याच पालांवरची. फक्त तिथे कोणी त्यांची दप्तरे झडत नव्हते.

आनुवंशिकता म्हणजे एका पिढीकडून दुसरीकडे जे जाते ते. माझ्या वर्गातल्या त्या मुलाला वडिलांकडून काय आले होते? पाखरांची भाषा आली असेल, फास विणायचे कसब आले असेल. आणि पोलिसांच्या वहीतली एक ओळ आली होती. ती त्याच्या रक्तात नव्हती, ती माझ्या डोक्यात होती. मलाही ती कोणी मुद्दाम शिकवली नव्हती. घरात, गावात, कट्ट्यावर ऐकत ऐकत ती मला लागली. पवळ्याला लागली तशीच.

तो आज पंचावन्नच्या आसपास असेल. येरमाळ्याच्या यात्रेत पारध्यांची कुटुंबे दिसली की मी त्या वयाच्या माणसांचे चेहरे पाहतो. त्याचे हजेरीपटावरचे नाव मला अजून पाठ आहे. पण पुढे होऊन विचारायला पाऊल उचलत नाही. नाव-गाव विचारत येणारा अनोळखी माणूस त्यांच्याकडे आजवर कशासाठी येत आला, हे मला आता ठाऊक आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)